कुत्रा दिसतो, घर कुठे आहे?

घरच्या कुत्र्यांचे हौसेने काढलेले फोटो एका स्पर्धेसाठी तपासताना यंदा माझा संयम सुटला. फोटो वाईट नव्हते, सुबक होते. २०१९मध्ये सोनीने प्राण्याचा डोळा हुडकून फोकस धरणारी सोय आणली, तेव्हापासून डोळा धूसर येणं जवळपास संपलंच. पण फोनच्या पोर्ट्रेट मोडने मागचं सगळं विरघळवलं, त्यात घरही गेलं. पिल्लू असताना कुरतडलेली कोचाची कड, बाल्कनीच्या ग्रिलचा नाकाने पुसून गुळगुळीत झालेला गज, सगळ्याचं लोणी.



त्या ढिगात एका बाईंची मालिका होती. काळी देशी कुत्री, तीन वर्षं, दोन खोल्या. मे महिन्यातली दुपार, मोरीसमोरच्या ओल्या फरशीवर मागचे पाय बेडकासारखे पसरून पडलेली. कुकरची शिट्टी झालीय, एकच कान स्वयंपाकघराकडे वळलाय. दाराखालच्या फटीला नाक लावलंय, पलीकडे जिन्यात कुणाच्या तरी चपलांची सावली. काळ्या केसांना कॅमेरा करडं करू पाहतो. बाईंनी एक्स्पोजर खाली ओढून काळं काळंच ठेवलंय, पाठीवरून खिडकीच्या उजेडाची एक रेघ तेवढी. फ्लॅश नाही, त्यामुळे डोळ्यांत हिरवट चमकारा नाही. ही कुत्री कुठे राहते, कुणाची वाट बघते, सगळं कळतं. छायाचित्रकार मासाहिसा फुकासे सासुके नावाच्या मांजरापुढे पोटावर पडून फोटो काढत, त्या घराण्यातलं हे काम आहे. तिथे मांजर, इथे कुत्री, पण फरशीशी सलगी तीच.

या मालिकेला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नाही. सहपरीक्षकांना 'पार्श्वभूमीतला पसारा' खुपला. पहिलं बक्षीस गेलं उपरणं आणि टोपी घातलेल्या पगला.

या कपड्यांवरून वाद घातला की हमखास छायाचित्रकार विल्यम वेगमनचं नाव पुढे येतं. त्यांनी नाही का कुत्र्यांना कपडे घातले? घातले. पण १९७०मध्ये मॅन रे नावाचा कुत्रा त्यांच्या घरी आला, तो त्यांच्या कामात स्वतःहून लुडबुडायचा. 'स्पेलिंग लेसन' या व्हिडिओत वेगमन त्याच्या चुका समजावतात आणि तो मान वाकडी करून ऐकतो. तिथे कपडा नाही, दोघांमधलं नातं आहे. आणि एलियट एरविट यांच्या १९७४च्या फोटोतल्या टोपीवाल्या चिवावाचा दाखला देऊ नका. मजा टोपीत नाही. लेन्स घोट्यांच्या उंचीवर उतरली, म्हणून शेजारी ग्रेट डेनचे पाय खांबांसारखे उभे राहिले.

बक्षीसपात्र पगचे कान मागे गेले होते, डोळ्याची पांढरी कड दिसत होती, जीभ नाकावर फिरत होती. ही अस्वस्थतेची लक्षणं आहेत, आणि खाली शीर्षक होतं 'हसरा बाप्पाभक्त'. त्याला नको असलेला क्षण बारा बाय अठराच्या चौकटीत लावून आपण टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मला परीक्षक म्हणून बोलावलं, तर कपडे घातलेला कुत्रा पहिल्याच फेरीत बाहेर जाईल. आयोजकांना हे मी लेखी कळवलं आहे.