ओझ्याच्या गाडीची परीक्षा

नव्या वाहनांची परीक्षणे वर्तमानपत्रांतून व मासिकांतून नेहमी छापून येतात. गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते, इंजिनाची अश्वशक्ती किती आणि आसने कशी आहेत, याची माहिती त्यांत असते. मालवाहू पिकअपचे परीक्षण क्वचितच येते. आले तरी बहुधा रिकामी गाडी चालवून लिहिलेले असते. विक्रेताही गिऱ्हाइकाला चालवायला देतो ती रिकामीच गाडी, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांसाठी. जी गाडी ओझे नेण्यासाठी घ्यायची, तिची परीक्षा ओझ्याशिवाय कशी होणार?

हा प्रश्न आमच्यापुढे तेर येथे आला. आमच्या एका शेतकरी स्नेह्यांना कर्ज काढून पेट्रोलवर चालणारा पिकअप घ्यायचा होता. ते म्हणाले, "सर, पळती किती ते राहू द्या. वझं घिऊन चढती का आणि थांबती का, तेवढं बघा." त्यांच्या चुलतभावाकडे त्याच प्रकारची गाडी होती. ती घेऊन आम्ही एक दिवस मोजमाप केले.

तेरला हा प्रश्न नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत नेत असत. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. त्या गाडीवानालाही बैलांना किती ओझे झेपेल आणि उतारावर गाडी आवरेल का, हेच पाहावे लागत असणार.

पहिली कसोटी वेग घेण्याची. वजनकाट्यावर आम्हां तिघांसह रिकामी गाडी १,४०० किलो भरली. सोयाबीनची पोती चढवल्यावर वजन २,२५० किलो झाले, म्हणजे सुमारे १.६ पट. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकाने गाडी चालवली, दुसऱ्याने वेगमापक वाचला आणि तिसऱ्याने घड्याळ धरले. ताशी २० वरून ५० किलोमीटर वेग गाठायला रिकाम्या गाडीला ८ सेकंद लागले, भरलेल्या गाडीला १३. दोन्ही वेळांचे गुणोत्तर पुन्हा सुमारे १.६ आले. बल तेवढेच राहिले आणि वस्तुमान वाढले, तर त्वरण त्याच प्रमाणात घटते. न्यूटनचा दुसरा नियम फळ्यावर शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. रिकाम्या गाडीने पुढच्या वाहनाला ओलांडण्याची सवय झालेला चालक भरल्या गाडीने तेच करू गेला तर काय होईल, हेही त्यातून कळते.

दुसरी कसोटी चढाची. दर २० मीटर अंतराला १ मीटर उंची वाढते असा चढ घ्या. २,२५० किलोची गाडी त्यावरून ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यायची, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १,१०० न्यूटन आणि चाकांच्या विरोधापोटी ३३० न्यूटनच्या आसपास बल लागते. हवेचा विरोध धरून हा हिशेब १७ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे २३ अश्वशक्तीच्या आसपास जातो. जाहिरातीतली अश्वशक्ती याच्या दुपटीहून अधिक होती. तरीही चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी कण्हू लागली आणि तिसरा टाकावा लागला. याचे कारण असे, की जाहिरातीतला आकडा इंजिन वेगाने फिरत असतानाचा असतो. कमी फेऱ्यांवर पेट्रोल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनाच्या मानाने तोकडा पडतो. गिअर वेळेवर उतरवला तर आमची गाडी चढ विनातक्रार चढली. मात्र असा चढ रोजचा असेल, तर इंधन व क्लच यांचा खर्च त्या हिशेबात धरावा लागेल.

तिसरी कसोटी इंधनाची. येथे आम्ही आकडा देणार नाही. टाकी काठोकाठ भरून, तीस किलोमीटर जाऊन पुन्हा भरण्याच्या पद्धतीत अर्ध्या लिटरची चूक सहज होते. एकूण पेट्रोल अडीच लिटर लागले असेल, तर ही चूक वीस टक्क्यांची झाली! एका फेरीवरून "ॲव्हरेज" जाहीर करणाऱ्यांनी याचा विचार करावा. निदान चार-पाचशे किलोमीटरची नोंद हवी.

मुळात 'लिटरला किती किलोमीटर' हे माप मालगाडीला अपुरे आहे. समजा, एक टन माल तीस किलोमीटर नेताना लिटरला १२ किलोमीटर पडले आणि रिकामे परतताना १५. एकूण इंधन साडेचार लिटर लागले. सरासरी १३.३ किलोमीटर, म्हणजे ऐकायला बरी. पण एका लिटरमागे माल नेला गेला तो फक्त ६.७ टन-किलोमीटर. परतीला खत किंवा किराणा मिळाला तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. इंजिनातील कोणतीही सुधारणा एवढा फरक पाडणार नाही. डिझेलमध्ये लिटरमागे सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते आणि त्याचे इंजिन तिचा वापरही अधिक काटकसरीने करते, हेही तुलनेत धरावे.

चौथी कसोटी थांबण्याची. परीक्षणांत हिच्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ने जाणाऱ्या रिकाम्या गाडीच्या तुलनेत, ताशी ६० ने जाणाऱ्या भरल्या गाडीची ऊर्जा ३.६ पट असते. ही सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. ठरवून दिलेल्या ओझ्यापर्यंत आमची गाडी सरळ रेषेत, समाधानकारक थांबली. त्यापलीकडे ओझे घालून पाहण्यास आम्ही नकार दिला.

"लोक तर दीड-दोन टन घालतात," असे चुलतभाऊ म्हणाले. गाडी ते ओढतेही, आणि फसगत होते ती तिथेच. ओढण्याची क्षमता ताणता येते. ब्रेक, टायर आणि आस यांची मर्यादा ओलांडली, तर ते आधी सूचना देतीलच असे नाही. तेरजवळच्या ढोकीवरून लातूरपर्यंत १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वे आठवावी. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी रुळांवर मोठा माल नेला, पण प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये, हे ठरवून सगळी रचना त्या मर्यादेत बसवली. पिकअपवर लिहिलेला भाराचा आकडाही याच जातीचा असतो.

आमचा निष्कर्ष असा. आसपासच्या गावांत फळे-भाजीपाला नेण्यासाठी, थोड्या अंतराच्या फेऱ्यांना ही गाडी चांगली आहे. ती शांत चालते व थरथर कमी आहे. रोज पूर्ण भार घेऊन लांब पल्ला आणि चढ असेल, तर डिझेल गाडीचा हिशेब आधी करावा. सूचनापुस्तिकेत भरल्या गाडीचे थांबण्याचे अंतर दिलेले नाही, ही मोठी उणीव आहे.

शिक्षकांनी वरील आकडे वर्गात मांडून मुलांकडून टन-किलोमीटरचा हिशेब करून घ्यावा. गावातल्या एखाद्या पिकअप मालकाने महिनाभराची इंधनाची व मालाची नोंदवही दिली, तर उत्तमच. मुलांना गाडीच्या मागच्या हौद्यात बसवून मात्र कोणताही प्रयोग करू नये. तो हौदा मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, मग सहल असो की वऱ्हाड.

आमच्या स्नेह्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. परतीला कोणता माल मिळेल, याची चौकशी ते सध्या करीत आहेत.