शासनमुक्त ग्रामसमाज
शासनमुक्त ग्रामसमाज : संपत्ती व सत्ता यांनी दूषित झालेल्या समाजाची जागा दंडशक्तीवाचून, स्वेच्छेने व परस्पर साहाय्याने चालणाऱ्या ग्रामसमूहांनी घ्यावी, ही सर्वोदयी विचारातील कल्पना. अराज्यवादी विचारवंत प्यॉटर क्रपॉटक्यिन (१८४२–१९२१) यांच्या विचाराशी तिचे साम्य असले, तरी तिचे अधिष्ठान अहिंसा व अपरिग्रह हे आहे. महाराष्ट्रात तिची सविस्तर मांडणी आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी केली.

विनोबांची भूदान चळवळ १८ एप्रिल १९५१ रोजी तत्कालीन हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली येथे सुरू झाली. उत्तर प्रदेशातील मंगरोठ येथे १९५२ मध्ये पहिले ग्रामदान झाले. जमिनीची मालकी गावाची आणि निर्णय सर्वसहमतीने, ही ग्रामदानाची दोन मूलतत्त्वे होत. जमीनदार हटवून सर्व मालमत्ता राज्यसंस्थेच्या हाती दिल्यास धनसत्तेची जागा केवळ राजसत्ता घेते, हे विनोबांनी ओळखले होते. संपत्ती व सत्ता या दोहोंचा विचार त्यांनी एकत्रितपणे केला, हे या विचाराचे मोठे बलस्थान होय.

तथापि राज्यसंस्था दूर झाली म्हणजे सत्ता नाहीशी होते, हे गृहीतक टिकत नाही. पोचमपल्लीप्रमाणेच धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हाही १९५१ मध्ये हैदराबाद राज्यात होता. त्याच्या अनुभवातून हे स्पष्ट होते. निजामी संस्थानाचा मोठा भाग सरफेखास व जहागिरी यांखाली असून नेहमीच्या महसूल प्रशासनाबाहेर होता. गावगाड्यात वतन व जात यांचा अंमल चाले. शासन दूर होते, पण कूळ मुक्त नव्हते. १९४९ मध्ये झालेले जहागिरींचे उच्चाटन व संरक्षित कुळांना हक्क देणारा १९५० चा कूळकायदा ही शासनाचीच कृत्ये होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रामराज्याच्या गौरवावर घेतलेला आक्षेप याच अनुभवाच्या जातीचा आहे. सर्वसहमतीतही भूमिहीनाचे मौन संमती म्हणून गणले जाण्याचा धोका असतो.

चळवळीच्या मर्यादा आकड्यांतही दिसतात. १९५७ पर्यंत ५ कोटी एकरांचे उद्दिष्ट असताना ४० लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली. त्यांतील बरीच नापीक किंवा वादग्रस्त निघाली आणि मोठा भाग वाटपाविना राहिला. १९५६ मध्ये तंत्रमुक्तीच्या निर्णयाने भूदान समित्या विसर्जित करण्यात आल्या. तत्त्वाशी ते सुसंगत होते. परंतु दान मिळालेल्या जमिनीचा ताबा भूमिहीनाला मिळवून देण्यास लागणारी यंत्रणाच त्यामुळे दुर्बळ झाली.

या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव होय. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये गावाला सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०१३ मध्ये त्याने ग्रामदान स्वीकारले. यांपैकी पहिली गोष्ट २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे, तर दुसरी १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमामुळे शक्य झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सारांश, असे समूह राज्यसंस्थेला मर्यादा घालू शकतात. तिची जागा घेऊ शकत नाहीत. गावातील दुर्बळाला गावाविरुद्ध दाद मागण्याचे ठिकाण गावाबाहेर उरते की नाही, हीच अशा प्रत्येक प्रयोगाची खरी कसोटी होय.