आरसा, खिडकी आणि कमाटी बाग

मुलांच्या हाती चित्रपुस्तक देताना आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतो : चित्रे सुबक आहेत काय, आणि तात्पर्य चांगले आहे काय. त्या पुस्तकात मुलाला स्वतःचे जग सापडते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकन समीक्षक रुडीन सिम्स बिशप यांनी तो १९९० साली एका रूपकातून मांडला. पुस्तक कधी आरसा असते, कधी खिडकी, तर कधी पलीकडे नेणारे सरकते काचेचे दार. ज्याला आरसा मिळत नाही, त्या मुलाला आपण कोणाच्या गणतीत नाही असे वाटू लागते. ज्याला केवळ आरसेच मिळतात, त्याला आपणच जगाचा मध्य आहोत असा भ्रम होतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांना या रूपकाचा अर्थ चटकन उमगावा. शाळेची भाषा हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू वा इंग्रजी आणि घरची मराठी, अशा मुलाला माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ भाषेचा आरसा देते. राधा आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते, एवढाच त्याचा विषय. त्या माणसांत थोर कोणी नाही आणि लेखिका उपदेशही करत नाही. म्हणूनच मूल आपल्या माणसांकडे नव्याने पाहू लागते.

आदर्शांच्या बाबतीत मात्र आपण एवढे चोखंदळ नसतो. शिवाजी महाराज, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्यांच्या अनेक सचित्र चरित्रांत नायक पहिल्या पानापासूनच थोर असतो. वाचणाऱ्या मुलाला नमस्कार करण्यापलीकडे काही उरत नाही. महाश्वेता देवी यांच्या ‘द व्हाय-व्हाय गर्ल’ (तूलिका, २००३) मधील मोयना याच्या अगदी उलट आहे. ही शबर जमातीची मुलगी बाबूंच्या शेळ्या राखते आणि सतत ‘का?’ विचारते. आपण त्यांची एवढी कामे करतो, तर त्यांनी दिलेल्या अन्नाबद्दल उपकार आपणच का मानायचे, हा तिचा प्रश्न मोठ्यांनाही निरुत्तर करतो. पुढे ती शाळेत जाते आणि शिकवूही लागते. पण मुलांच्या मनात राहतो तो तिचा प्रश्न.

किंचित मोठ्या मुलांसाठी आम्ही ‘भीमायन’ (नवयान, २०११) सुचवतो. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या या डॉ. आंबेडकर-चरित्राची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात आणि जहरी बोलणे विंचवाच्या नांगीसह दाखवण्याची त्यांची योजना लहान वाचकालाही न समजावता कळते. येथे भीम प्रथम भेटतो तो शाळेत तहानलेला मुलगा म्हणून. बस थांब्यावरील संवादाची चौकट मात्र आम्हांस गरजेपेक्षा अधिक बोलकी वाटली. चित्रांनी सांगितलेले ती पुन्हा सांगते.

याच पुस्तकात बडोदे येते. सयाजीरावांच्या संस्थानाने १९१३ साली ज्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, तोच १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव सांगून तो ज्या पथिकाश्रमात उतरला, तेथून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. मित्रांचीही दारे उघडली नाहीत. मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्याने दिवस काढला तो १८७९ साली सयाजीरावांनीच उभारलेल्या कमाटी बागेत.

आपल्या मुलांना सयाजीरावांचे औदार्य सांगावे आणि ती दुपार गाळावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. आम्हांस तो घातक वाटतो. गाळलेल्या पानांवर उभी राहिलेली ओळख पहिल्याच खऱ्या प्रश्नाने डळमळते. शिवाय ज्यांच्या घरची ती आठवण आहे, त्या मुलांचा आरसा आपण फोडलेला असतो. बडोद्याच्या मराठी मुलाने कमाटी बागेत खेळावे, सयाजीरावांचा अभिमान बाळगावा आणि त्या बागेत एकदा कोण, कशासाठी बसून राहिला होता, हेही जाणावे. चांगले चित्रपुस्तक या तिन्ही गोष्टींना जागा करून देते. मुलांसाठी पुस्तक निवडताना आपली पहिली कसोटी हीच असावी.