‘मेट्रोपोलिस’मधील मध्यस्थ आणि मुके हात

फ्रिट्झ लांग यांनी दिग्दर्शित केलेला ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला. उत्तुंग नगरी, भूगर्भातील कामगारवस्ती आणि मानवाकृती यंत्र यांमुळे विज्ञानकथापटांत त्याचे स्थान अग्रगण्य मानले जाते. मस्तक व हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, हे थेआ फॉन हार्बू यांच्या पटकथेचे सूत्र भाबडे आहे, हा आक्षेप जुनाच होय. लांग यांनीही पुढे त्याविषयी असमाधान व्यक्त केले. तथापि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या समेटात हातांना स्वतः काही बोलावयास मिळते काय?

या प्रश्नाचा निकष चित्रपटानेच पुरविला आहे. मारिया कामगारांना बाबेलच्या मनोऱ्याची कथा सांगते. बायबलात भाषा भिन्न झाल्यामुळे बांधकाम थांबते. येथे मात्र मनोरा कल्पिणारे आणि बांधणारे एकच भाषा बोलतात, तरीही एकाचे स्तोत्र दुसऱ्याला शाप ठरते. हा बदल मार्मिक आहे. शब्द समान असले, तरी ते उच्चारणाऱ्यांचे जीवन समान नसेल तर अर्थ समान राहत नाही, ही जाण त्यात आहे. किंबहुना पडद्यावरील लिखित मजकूरही या विषमतेत सहभागी होतो: कामगारवस्तीविषयीची अक्षरे खाली उतरतात, धनिकपुत्रांच्या क्रीडास्थानाविषयीची वर चढतात.

ही जाण पुढे टिकत नाही. दहा तासांची पाळी संपत नाही, हा आक्रोश पडद्यावर येतो तो नगराधिपतीचा पुत्र फ्रेडर याच्या तोंडी. ११८११ क्रमांकाच्या कामगाराची जागा त्याने काही काळ घेतलेली असते. कामगारांचे रक्त यंत्राच्या सांध्यांना वंगण म्हणून वापरले जाते, हा आरोप करते ती मारियाचे रूप धारण करून चिथावणी देणारी यंत्रस्त्री. म्हणजे खरी तक्रार एकदा उसन्या मुखाने आणि एकदा फसव्या मुखाने मांडली जाते. त्यानंतर कामगारवस्ती जलमय होते व मुलांचे प्राण संकटात सापडतात. त्यामुळे ती तक्रारच अविचारी ठरल्याचा भास निर्माण होतो.

अखेरीस कॅथीड्रलच्या दाराशी नगराधिपती योह फ्रेडरसन आणि ग्रोट यांचे हात फ्रेडर एकत्र आणतो. परंतु ग्रोट हा मुख्य यंत्रावरील मुकादम. कामगारांच्या खिशांत सापडलेले गुप्त नकाशे मालकाकडे पोहोचविणाराही तोच. कामगार मात्र शिस्तबद्ध रांगांनी पायऱ्या चढतात, पाळी बदलताना चालत तसेच. पाळीच्या तासांविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. दुभाषी एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नेतो. येथील मध्यस्थ केवळ हात जुळवितो.

२००८ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे दीर्घ प्रत सापडली आणि २०१० मध्ये जवळजवळ पूर्ण स्वरूपातील चित्रपट पुन्हा दाखविला गेला. त्यामुळे ११८११ या कामगाराची कथा अधिक सलग झाली. शेवट मात्र तोच राहिला. ‘मेट्रोपोलिस’ची कालातीतता म्हणूनच त्याच्या यंत्रांत शोधण्याचे कारण नाही. पीडितांच्या वतीने इतरांनी बोलावे आणि त्यालाच संवाद म्हणावे, ही व्यवस्था त्याने दाखविली आहे व तिला मान्यताही दिली आहे. बाबेलच्या दृश्यात उमगलेले सत्य शेवटच्या दृश्यात विसरले जाते, हेच या कृतीचे मोठे अपयश होय.