‘लॉग होरायझन’ : गुणदोषविवेचन

खेळात अडकलेल्या खेळाडूंची कथा मृत्यूच्या भयावरच उभी राहते, असा समज ‘स्वोर्ड आर्ट ऑनलाइन’ (२०१२) या जपानी अ‍ॅनिमे मालिकेने दृढ केला. मामारे तोनो यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली व शिंजी इशिहिरा यांनी दिग्दर्शित केलेली ‘लॉग होरायझन’ (२०१३) ते भयच काढून घेते. येथे मेलेला खेळाडू पुन्हा उठतो. प्रश्न उरतो तो जगावे कसे, हा. यादीतून निवडलेले अन्न बेचव लागते. पाककुशल खेळाडूने स्वहस्ते रांधले की त्याला चव येते. हेच तत्त्व पुढे भाषेलाही लागू होते. लेखनकुशल शिरोए स्वहस्ते करारपत्र लिहितो आणि त्या जगाचा मूळ रहिवासी रुंडेलहाउस खेळाडूंच्या पंक्तीस येऊन मृत्यूतून वाचतो. शब्द येथे वस्तुस्थिती वर्णीत नाही, घडवितो. अन्नापासून करारापर्यंतची ही संगती हे या मालिकेचे खरे बळ होय.

तथापि प्रत्येक मृत्यूगणिक स्मृतीचा अंश गळतो, हे पहिल्या पर्वात केवळ सांगितले जाते. कोणाचे काय हरपले, हे प्रत्ययास येत नाही. शिवाय शिरोएच्या योजना दीर्घ संभाषणांतून उलगडतात व बहुधा निर्विघ्न सिद्धीस जातात. मृत्यूचे भय दूर सारल्यावर स्मृतिनाशाचे दुःख हाच कथेचा आधार व्हावयास हवा होता. तो या पर्वात अस्पर्शितच राहिला.