देवबलोदाचे शिवमंदिर : नसलेले शिखर कसे वाचावे?

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आणि हुडकोसारख्या वसाहती डोळ्यांपुढे येतात. याच शहराच्या पूर्वेस, चरोदा रेल्वे यार्डाजवळ, देवबलोदा गावात कलचुरी काळातील, साधारण तेराव्या शतकातील एक छोटे शिवमंदिर आहे. गर्भगृह, खांबांचा मंडप, शेजारी कुंड, एवढाच त्याचा व्याप. बांधकाम वालुकाश्माचे; शिखर मात्र नाही.

तुलनेची अडचण
भोरमदेवला ‘छत्तीसगडचे खजुराहो’ म्हणतात. अशा मोजपट्टीने देवबलोदा केवळ उणे ठरते आणि बाहेरच्या भिंतींवरील हत्ती-घोड्यांचे पट्टे नीट पाहिलेच जात नाहीत. इंग्लंडमध्ये पेव्हज्नर यांनी ‘द बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ (१९५१–१९७४) या मालिकेत कॅथेड्रलांबरोबरच खेड्यांतल्या लहान चर्चवास्तूंचीही नोंद घेतली. लहान वास्तूला स्वतंत्र नोंद मिळणे, ही समीक्षेची पहिली पायरी होय.

लोककथा आणि पुरावा
गावात कथा सांगतात, की मूर्तिकार विवस्त्र होऊन काम करीत असे. एके दिवशी पत्नीऐवजी बहीण जेवण घेऊन आली. लाजेने त्याने कुंडात उडी घेतली आणि शिखर राहून गेले. ही कथा शिखर ‘बांधलेच नाही’ असे गृहीत धरते. ते कोसळलेही असू शकेल. कोसळले असेल, तर आमलकाचे किंवा शिखराचे कोरीव दगड आवारात वा जुन्या घरांच्या भिंतींत सापडायला हवेत. काम थांबले असेल, तर अर्धवट कोरलेले दगड दिसायला हवेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातही (शिलालेख शके ९८२, इ. स. १०६०) गर्भगृहावर आकाश दिसते. म्हणजे शिखर नसण्याला प्रत्येक ठिकाणी वेगळी शोककथा लागत नाही; लागते ती दगडांची तपासणी.

तरीही कथा टाकाऊ नाही. इतिहासाची पुस्तके कलचुरी राजवंशाचे नाव देतात. कथेत राजा नाहीच, छिन्नी धरणारा माणूस आहे. मंदिर कसे बांधले गेले, हे या कथेवरून ठरवू नका. गावाने त्यातले काय जपून ठेवले, हे मात्र तिच्यावरूनच कळते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली, की इतिहासही बिघडतो आणि कथाही.

स्वाध्याय
तुमच्या परिसरातील एखाद्या लहान जुन्या प्रार्थनास्थळाला भेट द्या. डोळ्यांनी दिसलेले आणि कानांनी ऐकलेले दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्ही कोठे जुळत नाहीत, ते दाखवा.