वास्तव्य, ओळख आणि शस्त्रखरेदी : अमेरिकेतील आंतरराज्य स्थलांतरितांसंबंधीच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील शस्त्रविषयक चर्चा बहुधा दोन टोकांभोवती फिरते. एकीकडे घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क असतो, तर दुसरीकडे वारंवार घडणाऱ्या हत्याकांडांनी हादरलेला समाज असतो. या वादात दैनंदिन व्यवहारातील एक प्रश्न सहसा मागे पडतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहावयास गेलेल्या व्यक्तीने बंदूक कोणत्या राज्यात विकत घ्यावी, आणि ती व्यक्ती तेथील रहिवासी आहे हे दुकानदाराने कशावरून ठरवावे? हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. प्रत्यक्षात नागरिकाचा हक्क, राज्यांची स्वायत्तता आणि सार्वजनिक सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

भारतीय वाचकाने येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक घेण्यापूर्वी परवाना आवश्यक असतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सामान्य खरेदीदारासाठी असा परवाना नाही. तो काही राज्यांनी आपापल्या पातळीवर ठेवला आहे. परिणामी परवान्याने जे काम करावयाचे, त्याचा मोठा भाग खरेदीदाराच्या पत्त्यावर येऊन पडतो. प्रस्तुत लेखात या नियमांचा उगम, आशय व परिणाम यांचा परामर्श घेतला आहे. वास्तव्य आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी एकाच कागदावर सोपविल्यामुळे नियमाचा जाच प्रामाणिक स्थलांतरितास होतो व ज्यास रोखावयाचे तो निसटतो, असे येथील प्रतिपादन आहे.

नियमाची पार्श्वभूमी

मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओसवाल्ड याने शिकागो येथील दुकानातून टपालाने रायफल मागविली. मागणीपत्रावरील नाव खोटे होते आणि पत्ता डॅलस शहरातील टपालपेटीचा होता. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. पुढे एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा बळी घेणारी रायफल अलाबामा राज्यातील दुकानातून खोट्या नावाने घेतली गेली होती आणि हत्या टेनेसी राज्यात झाली. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचीही हत्या झाली. या पार्श्वभूमीवर त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शस्त्र नियंत्रण कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने टपालाद्वारे थेट ग्राहकास होणारी आंतरराज्य विक्री बंद केली. परवानाधारक दुकानदाराने परराज्यातील रहिवाशास पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर देऊ नये, असे बंधन घातले. दोन खाजगी व्यक्तींमधील आंतरराज्य हस्तांतरणही सामान्यतः निषिद्ध ठरले. रायफल व शॉटगन यांच्याबाबत लगतच्या राज्यांपुरती सवलत होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती सर्व राज्यांपर्यंत वाढविली. मात्र ग्राहक समक्ष हजर असावा व दोन्ही राज्यांचे कायदे पाळले जावेत, अशी अट ठेवली. पिस्तुलाचा नियम आजही कायम आहे. परराज्यातील दुकानात पसंत केलेले पिस्तूल ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यातील परवानाधारकाकडे पाठवावे लागते आणि तेथे तपासणी होऊन ते त्याच्या हाती पडते.

वास्तव्याची व्याख्या व ओळखीचा पुरावा

संघीय नियमावलीतील व्याख्या पुरेशी उदार आहे. ज्या राज्यात व्यक्ती प्रत्यक्ष उपस्थित आहे व जेथे घर करण्याचा तिचा हेतू आहे, ते तिचे वास्तव्याचे राज्य होय. किती दिवस राहिले पाहिजे, याची अट नागरिकांसाठी नाही. शिकारीसाठी अथवा कामासाठी तात्पुरता आलेला माणूस रहिवासी ठरत नाही. दोन राज्यांत दोन घरे असणारा मात्र ज्या काळात ज्या घरी राहतो, त्या काळात त्या राज्याचा रहिवासी मानला जातो. सैनिकाची कायम नेमणूक ज्या राज्यात असेल ते राज्य त्याचे धरले जाते. बाहेरून शिकावयास आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी शिक्षणाच्या राज्यात प्रत्यक्ष राहत असताना तेथील रहिवासी समजला जावा, असा निर्णय १९८० मध्ये देण्यात आला.

व्याख्येतील हा लवचीकपणा पुराव्याच्या टप्प्यावर टिकत नाही. दुकानदारास असे ओळखपत्र पाहावे लागते की, ज्यावर नाव, जन्मदिनांक, छायाचित्र आणि राहत्या घराचा पत्ता असेल व जे शासनाने दिलेले असेल. व्यवहारात हे ओळखपत्र म्हणजे वाहनचालक परवाना होय. २००१ मध्ये नियंत्रक विभागाने एक सवलत दिली. चालक परवान्यावर जुना पत्ता असेल, तर सध्याचा पत्ता दर्शविणारा दुसरा शासकीय दस्तऐवज, उदाहरणार्थ वाहननोंदणीचा कागद, जोडता येतो. तथापि खाजगी वीज कंपनीचे देयक अथवा घरमालकाशी झालेला भाडेकरार हे शासकीय दस्तऐवज नसल्याने चालत नाहीत. खरेदीच्या संघीय अर्जावर टपालपेटीचा पत्ताही स्वीकारला जात नाही. जाणीवपूर्वक खोटे विधान केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

नियमांचे मूल्यमापन

येथे पहिला अंतर्विरोध स्पष्ट होतो. व्याख्येनुसार घर करण्याच्या हेतूने नव्या राज्यात पोहोचलेली व्यक्ती त्याच दिवशी रहिवासी होते. पुराव्यानुसार ती नवा कागद मिळेपर्यंत रहिवासी होत नाही. नवा चालक परवाना काढण्यास कॅलिफोर्निया १० दिवस, न्यूयॉर्क ३० दिवस, तर टेक्सास ९० दिवस देते. म्हणजे एका कायद्याने दिलेली मुदत ही दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने अडचणीचा काळ ठरते. याच काळात जुन्या राज्यातील दुकानदारास तोच जुना परवाना निर्दोष दिसतो. वास्तविक त्या राज्यातील वास्तव्य संपलेले असते व तेथे पिस्तूल घेणे बेकायदेशीर असते. पण कागद तसे सांगत नाही. अशा रीतीने कागद दोन्ही बाजूंनी चुकतो. खऱ्या रहिवाशास तो नाकारतो आणि गेलेल्या रहिवाशास स्वीकारतो.

दुसरा दोष समतेचा आहे. दोन राज्यांत मालकीची घरे असलेल्या सधन व्यक्तीस, कागदपत्रे नीट असल्यास, दोन्ही राज्यांत आळीपाळीने खरेदी करता येते. भाड्याच्या खोलीत नुकताच उतरलेला कामगार, मोटारघरात फिरते आयुष्य कंठणारे वृद्ध दांपत्य आणि ज्यास घरच नाही असा नागरिक, यांना मात्र एकाही राज्यात आपले वास्तव्य सहज सिद्ध करता येत नाही. हिंसक जोडीदारापासून जीव वाचवून परराज्यात आलेल्या स्त्रीची स्थिती याहून बिकट असते. अनेक राज्यांत अशा पीडितांचा खरा पत्ता गुप्त राहावा म्हणून पर्यायी पत्ता देण्याची योजना आहे. संघीय अर्जास मात्र राहत्या घराचाच पत्ता लागतो व तो अर्ज दुकानात जतन केला जातो. अशा स्त्रीने शस्त्र घ्यावे की नाही, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु तो निर्णय पत्त्याच्या रकान्याने करावा, हे कोणत्याही बाजूस समर्थनीय वाटणार नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न परिणामकारकतेचा आहे. ३० नोव्हेंबर १९९८ पासून दुकानातील विक्रीपूर्वी राष्ट्रीय पातळीवर तत्काळ पार्श्वभूमी तपासणी होते. परंतु ही तपासणी दिलेल्या नावावर गुन्ह्याची वा अन्य अपात्रतेची नोंद आहे काय, एवढेच पाहते. समोर उभा असलेला माणूस त्याच नावाचा आहे काय, हे ती पाहत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या तपासनीसांनी २००० ते २००१ या काळात बनावट चालक परवाने घेऊन पाच राज्यांत खरेदीचा प्रयत्न केला व पाचही राज्यांत त्यांना शस्त्रे मिळाली. दुसऱ्याच्या वतीने खरेदी करणारा हस्तक तर याहून सुरक्षित असतो. त्याचे नाव खरे असते, पत्ता स्थानिक असतो, परवाना अस्सल असतो. खोटा असतो तो केवळ हेतू. व्हर्जिनियात अशा हस्तकांनी घेतलेली शस्त्रे न्यूयॉर्कमध्ये पोहोचत, म्हणून १९९३ मध्ये त्या राज्याने महिन्यास एकच पिस्तूल ही मर्यादा घातली. २०१२ मध्ये ती उठविली गेली व २०२० मध्ये पुन्हा आली. २०२२ मध्ये हस्तकामार्फत खरेदी हा संघीय कायद्यात स्वतंत्र गुन्हा करण्यात आला. या संपूर्ण समस्येत वास्तव्याचा नियम मोडलेला नसतो. तो पाळूनच गैरव्यवहार होतो. शिवाय एकाच राज्यातील दोन खाजगी व्यक्तींमधील विक्रीस संघीय कायदा ना ओळखपत्र मागतो, ना तपासणी. अनेक राज्यांनी ही उणीव स्वतः भरून काढली आहे, सर्वांनी नव्हे.

नियमाच्या बाजूचा युक्तिवाद

असे असले तरी वास्तव्याचा नियम निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. राज्याराज्यांतील कायद्यांत मोठे अंतर आहे. इलिनॉय राज्यात १९६८ पासून शस्त्रधारकास स्वतंत्र ओळखपत्र घ्यावे लागते. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर १० दिवस थांबावे लागते आणि नव्याने आलेल्या रहिवाशास सोबत आणलेल्या शस्त्रांची माहिती ६० दिवसांत द्यावी लागते. शेजारच्या राज्यात जाऊन पिस्तूल आणण्याची मुभा असती, तर या कायद्यांना फारसा अर्थ उरला नसता. हा प्रश्न न्यायालयातही गेला. टेक्सासमधील संघीय जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये पिस्तुलांवरील आंतरराज्य बंधन घटनाबाह्य ठरविले. जानेवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला. प्रत्येक दुकानदाराने पन्नास राज्यांचे कायदे जाणावेत ही अपेक्षा अवास्तव आहे व राज्यांच्या कायद्यांना बगल दिली जाऊ नये यासाठी हा नियम योग्य आहे, असे त्या न्यायालयाचे मत होते. पूर्णपीठापुढे फेरसुनावणीची मागणी आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मताने फेटाळली गेली, यावरून प्रश्नाची अवघडता ध्यानात येते. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक परंपरेची नवी कसोटी सांगितल्यानंतर अशा निर्णयांच्या आधाराचा पुन्हा विचार होणे स्वाभाविक आहे.

या युक्तिवादातून एवढेच सिद्ध होते की, खरेदीदार कोणत्या राज्याच्या कायद्याखाली येतो हे ठरविणे आवश्यक आहे. ते चालक परवान्यावरील पत्त्यावरूनच ठरवावे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

परदेशी नागरिकांचा संदर्भ

अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीस १९९८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यास मनाई केली आहे. वैध शिकार परवाना असणे, यांसारखे मोजके अपवाद त्यास आहेत. ग्रीन कार्डधारकास मात्र खरेदी करता येते. पूर्वी परदेशी नागरिकास त्या राज्यात सलग ९० दिवस राहिल्याचे दाखवावे लागे. ही अट कायद्याने घातलेली नसून केवळ नियमावलीतून आली आहे, असे लक्षात आल्यावर २०१२ मध्ये ती काढून टाकण्यात आली. कायद्यात नसलेले ओझे प्रशासकीय सोयीसाठी लादले गेले असेल, तर ते उतरविता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, १९६८ च्या कायद्याने दोन प्रश्न एकत्र हाताळले होते : हा माणूस कोण, आणि हा कोठला. ओसवाल्डच्या मागणीपत्रात नाव व पत्ता दोन्ही फसवे असल्याने तसे होणे साहजिक होते. आज या दोन प्रश्नांना वेगळी उत्तरे हवीत. ओळखीची खातरजमा परवाना देणाऱ्या खात्याच्या नोंदीशी ताडून व्हावी. म्हणजे बनावट परवान्याचा मार्ग बंद होईल. शस्त्रधारकांची संघीय नोंदवही करण्यास १९८६ च्या कायद्याने मनाई आहे व मंजूर तपासणीची नोंद २४ तासांत नष्ट केली जाते. नव्या पडताळणीसही हीच मर्यादा घालता येईल. वास्तव्याच्या पुराव्यासाठी मात्र भाडेकरार वा अलीकडचे देयक ग्राह्य धरावे. शस्त्रांबाबत कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाने पिस्तूल खरेदीदाराच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून हेच कागद मान्य केले आहेत, ही बाब येथे लक्षणीय आहे.

ओळख कठोरपणे तपासणे आणि वास्तव्य वाजवी पुराव्यावर मान्य करणे, यात विसंगती नाही. सध्याची व्यवस्था नेमकी याच्या उलट चालते. शस्त्र नियंत्रणाच्या समर्थकांना व हक्काच्या पुरस्कर्त्यांना ज्या थोड्या मुद्द्यांवर एकत्र येता येईल, त्यांपैकी हा एक मुद्दा आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.